'कॅरी ऑन'चे ओझे

पावसाळा सुरू होऊन महाविद्यालयांची नवी सत्रे उघडू लागली, की राज्यातील एखाद्या तरी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर विद्यार्थ्यांचा ठिय्या पडतो. हाती फलक असतात, मुखी घोषणा असतात आणि मागणी बहुधा एकच असते : 'कॅरी ऑन' द्या. कोविडच्या महामारीनंतरच्या वर्षांत तर हे दृश्य अंगवळणी पडावे इतके नित्याचे झाले. ज्यांच्या घरी अभियांत्रिकीचा विद्यार्थी नाही, त्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागेल. चार वर्षांच्या या अभ्यासक्रमात मागील वर्षाचे काही विषय राहिले, तरी पुढील वर्षात बसता येते. मात्र तिसऱ्या वर्षात पाऊल ठेवायचे, तर पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटलेले असले पाहिजेत आणि चौथ्या वर्षात जायचे, तर दुसऱ्याचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. ज्याला ही अट पूर्ण करता येत नाही, त्याचे एक वर्ष जाते. विद्यार्थ्यांच्या भाषेत तो 'वायडी' होतो. ही अट यंदापुरती बाजूला ठेवा आणि पुढे जाऊ द्या, हा 'कॅरी ऑन'चा सरळ अर्थ.

'यंदापुरती' हा शब्द येथे नीट ध्यानी घेतला पाहिजे. गतवर्षीही तो उच्चारला गेलेला असतो आणि पुढच्या वर्षीही उच्चारला जाणार असतो. आंदोलन चार दिवस चालते, एखादा लोकप्रतिनिधी कुलगुरूंना दूरध्वनी करतो, विद्यापरिषदेची तातडीची बैठक बसते आणि 'व्यापक विद्यार्थिहिताचा विचार करून' अशा शब्दांनी सुरू होणारे परिपत्रक निघते. गुलाल उधळला जातो. त्यात विद्यार्थ्यांचे हित झाले की अहित, हे विचारायला मात्र त्या दिवशी कोणालाच सवड नसते.

सवलत ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. तिच्यामागे एक सुज्ञ आणि सहृदय विचार होता, हे विसरून या प्रश्नाकडे पाहणे अन्यायाचे होईल. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवणे महाविद्यालयांचे आणि परीक्षा घेऊन पदवी देणे विद्यापीठाचे, अशी ती वाटणी होती. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली आणि १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, ती चौघांची : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या काळची परीक्षा मोठी निष्ठुर होती. एका विषयात घसरलेला विद्यार्थी साऱ्या विषयांत घसरलेला समजला जाई आणि त्याला सारी परीक्षा पुन्हा द्यावी लागे. विद्यार्थ्याची मायबोली एक, ग्रंथांची भाषा दुसरी आणि वर हे ओझे. तरुण पदवीधर अकाली मृत्युमुखी पडताहेत, हे पाहून अस्वस्थ झालेल्या न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० च्या दशकात या अल्पायुष्याच्या कारणांचा आकडेवारीनिशी शोध घेतला, तो याच पार्श्वभूमीवर. ज्या विद्यापीठाने त्यांना पहिल्या पदवीधरांत बसवले, त्याच्या परीक्षापद्धतीला प्रश्न विचारताना त्यांना संकोच वाटला नाही.

पुढे सुधारणा झाल्या, त्या या दिशेने. एका-दोन विषयांत राहिलेल्या विद्यार्थ्याचे सबंध वर्ष बुडू नये, त्याने पुढचा अभ्यास करता करता मागचे विषय सोडवावेत, यासाठी 'सत्र चालू ठेवण्यास अनुमती' देणारा नियम आला. आज महाराष्ट्रातील प्रत्येक घराला तो 'एटीकेटी' या नावाने ठाऊक आहे. 'केटी लागली' हा शब्दप्रयोग तर मराठीत असा रुजला आहे, की त्यामागची इंग्रजी अक्षरे कशाची, हे शिक्षकालाही क्षणभर आठवावे लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री ताप आला, घरी कोणी गेले, एखाद्या विषयाची धास्ती बसली, अशा कारणांनी पाय घसरलेल्यासाठी ती एक पायरी होती. एक-दोन गुणांनी हुकलेल्यासाठी ग्रेस गुण होते. मुंबई विद्यापीठात तर उत्तीर्ण होण्यासाठी वेगळे, वरचा वर्ग मिळण्यासाठी वेगळे आणि विषयातील विशेष प्रावीण्यासाठी वेगळे, असे ग्रेस गुणांचे अध्यादेशच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत वा छात्रसेनेत राबलेल्यांना दहा गुणांचा लाभ आहे, तो निराळाच. म्हणजे विद्यापीठ निर्दय आहे, असे कोणी म्हणू नये. एका नियमात जेवढी दया मावावी, तेवढी त्यात आधीच भरलेली आहे. 'कॅरी ऑन' ही त्या दयेवरची दया होय.

या दुसऱ्या दयेचा हिशेब मांडायचा, तर एका साध्या उदाहरणाने मांडावा. तालुक्याच्या गावी बारावीपर्यंत मराठीत वा अर्ध्या-मुर्ध्या इंग्रजीत विज्ञान शिकलेला मुलगा जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल होतो. घरातला पहिलाच महाविद्यालयीन विद्यार्थी. पहिल्या सत्रात अभियांत्रिकी गणित, यामिकी आणि विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे त्याच्यापुढे एकदम येऊन उभी राहतात. गणित राहते. दुसऱ्या सत्रात त्या गणिताचा पुढचा भाग येतो, तोही राहतो. तिसऱ्या सत्रात त्या दोहोंवर उभा असलेला विषय येतो. आता हे तीन विषय एकमेकांपासून सुटे नाहीत. ज्याला अवकलन कळलेले नाही, त्याला अवकल समीकरणे कळणार नाहीत आणि ती न कळता नियंत्रण प्रणाली किंवा संकेतप्रक्रिया हा विषय केवळ पाठ करावा लागतो. पहिल्या वर्षाची अट कोणा लहरी कारकुनाने घातलेली नाही. विद्येचीच ती रचना आहे. खालचा मजला कच्चा असताना वरचा चढवू नये, एवढेच ती सांगते.

'कॅरी ऑन' मिळालेला हा मुलगा तिसऱ्या वर्षात बसतो. त्याच्या शिरावर आता चालू सत्राचे पाच-सहा विषय, मागच्या दोन वर्षांचे चार-पाच, त्यांची प्रात्यक्षिके, जर्नल, तोंडी परीक्षा. सकाळी एका वर्षाची प्रश्नपत्रिका आणि दुपारी दुसऱ्या वर्षाची, असे वेळापत्रक त्याच्या वाट्याला येते. ज्याला पाच विषय झेपले नाहीत, त्याला दहा विषय द्यायचे आणि याला सवलत म्हणायचे, हा न्याय कोणता? त्याचे वर्ष वाचले, असे परिपत्रक सांगते. वस्तुतः ते पुढे ढकललेले असते. चौथ्या वर्षाच्या अखेरीस निकाल लागतो, तेव्हा सोबतचे निघून गेलेले असतात आणि हा मात्र खोली सोडून गावी परतलेला, दर परीक्षेला बस धरून येणारा 'एक्स स्टुडंट' झालेला असतो. शिष्यवृत्ती थांबलेली, वसतिगृह सुटलेले, शिकवणारा कोणी नाही. असे तरुण प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

आणि पदवी पदरी पडलीच, तर पुढे कंपनीचा दरवाजा असतो. महाविद्यालयात मुलाखतींना येणाऱ्या कंपन्यांच्या सूचना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यातली ठरलेली वाक्ये पाठ असतील : दहावीपासून सलग साठ टक्के, एकही बॅकलॉग शिल्लक नको, अभ्यासक्रमात खंड नको. विद्यापीठाने आपल्या दारातून काढून टाकलेली अट अशी दुसऱ्या दारात जाऊन उभी राहते. फरक इतकाच, की विद्यापीठाच्या दारात पुनर्मूल्यांकन होते, विद्यापरिषद होती, ठिय्या देता येत होता. कंपनीच्या दारात यातले काहीच नसते. तेथे नाव यादीत नाही, एवढेच कळते.

ही झळ कोणाला लागते, याचाही विचार व्हावा. ज्याच्या वडिलांचा कारखाना आहे, ज्याचा मामा परदेशी आहे, त्याला पदवीचा कागद पातळ झाला म्हणून फारसे बिघडत नाही. त्याची ओळख त्या कागदावर अवलंबून नसते. शेतमजुराच्या, रिक्षाचालकाच्या, धुणीभांडी करणाऱ्या आईच्या मुलाजवळ मात्र जगाला दाखवायला तोच एक कागद असतो. त्या कागदावरचा विश्वास उडाला, की जग पुन्हा आडनाव, ओळखपाळख, इंग्रजी उच्चार आणि शहरातला पत्ता पाहू लागते. पदवीचे मोल राखणे हा अभिजनांचा हट्ट आहे, असा समज काही पुरोगामी मंडळींनी करून दिला आहे. प्रत्यक्षात ती गरिबाची ठेव आहे आणि ती मोडून खाल्ली जात असताना टाळ्या वाजवणारे मात्र सुखवस्तू आहेत.

पुण्याला याचा एक जुना अनुभव आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली श्रावणमासातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली. दूरदूरचे शास्त्री येत, त्यांच्या विद्येची परीक्षा होई आणि त्याप्रमाणे सन्मान होई. विद्येला राजाश्रय देण्याची ती थोर प्रथा होती. कालांतराने पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात सरसकट वाटप होऊ लागले, गर्दी वाढली आणि खर्च लाखांत गेला. ज्यांची परीक्षा होई आणि ज्यांची होत नसे, ते सारे लोकांच्या लेखी 'दक्षिणेला आलेले'च ठरले. इंग्रजी अमलात त्या निधीला निराळे वळण लागले. त्यातून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा उभी राहिली, १८५१ पासून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली आणि पुढे दक्षिणा फेलो नेमले गेले. रानडे आणि भांडारकर हे दोघेही त्या फेलोंपैकी. दक्षिणेचा तोच पैसा परीक्षेला जोडला गेला तेव्हा त्याने कोणती माणसे घडवली, हे महाराष्ट्र जाणतो.

इतके म्हटल्यावर दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. 'कॅरी ऑन' मागणाऱ्यांचे एक म्हणणे निरुत्तर करणारे असते. ते म्हणतात, मागच्या सत्राचा निकाल लागला, तेव्हा हे सत्र अर्धे संपले होते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला, त्याचे उत्तर पुढची परीक्षा होऊन गेल्यावर आले. पुनर्मूल्यांकनात उत्तीर्ण झालो, पण तोवर त्याच विषयाचे शुल्क पुन्हा भरून पुन्हा परीक्षा दिली होती. मग वेळापत्रक विद्यापीठाने मोडले असता वर्ष मात्र विद्यार्थ्याचेच का जावे? याला उत्तर नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशी पूर्वतयारी न करता सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, तेव्हा काय घडले हे राज्य विसरलेले नाही. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल पुढे पुढे सरकत राहिले, परदेशातील आणि अन्य विद्यापीठांतील प्रवेश हातचे गेले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ज्यांची वर्षे गेली, त्यांना मात्र ती परत मिळाली नाहीत.

निकालापेक्षाही खोल दुखणे अध्यापनाचे आहे. अनुदानित महाविद्यालयांत निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते आणि तेथे तासिका तत्त्वावर कोणी तरुण येतो. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला हा तरुण तासाच्या हिशेबाने मानधन घेतो, ते हाती पडायला महिने लागतात आणि सुटीच्या महिन्यांत तेही नसते. तो दोन महाविद्यालयांत धावत असतो. केटी लागलेल्या मुलाला संध्याकाळी बसवून गणित शिकवावे, ही अपेक्षा त्याच्याकडून कशी करावी? विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत दुसरी गोष्ट आहे. तेथे जागा भरायच्या असतात. प्रथम वर्षाला गळती दिसली, की पुढच्या वर्षी प्रवेश कमी होतात. त्यामुळे वर्ष न जाणे हे विद्यार्थ्याच्या आधी संस्थाचालकाच्या हिताचे असते. लेखी परीक्षेत साठपैकी चौदा मिळवणाऱ्याला अंतर्गत मूल्यमापनात चाळीसपैकी अडतीस मिळतात, त्यामागे हेच अर्थशास्त्र असते. 'कॅरी ऑन'च्या आंदोलनांत संस्थाचालक कधी विरोधात उभे राहिलेले दिसत नाहीत, हेही सूचक आहे. शिक्षक नेमायचा तर पैसा लागतो, उपचारात्मक वर्ग चालवायचे तर माणसे लागतात. परिपत्रकाला एक कागद पुरतो.

परीक्षेवाचून पदवी देता येते का, हा प्रश्न या राज्याने एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. २०२० च्या जूनमध्ये महामारीच्या भयाने राज्य शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले. ६ जुलै रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्यात, अशी मार्गदर्शक सूचना काढली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्ट रोजी निकाल आला. परिस्थिती बिकट असेल, तर राज्याला परीक्षा पुढे ढकलण्यासाठी आयोगाकडे मुदत मागता येईल, मात्र अंतिम वर्षाची परीक्षा न घेताच विद्यार्थ्यांना उत्तीर्ण ठरवण्याचा अधिकार राज्याला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि त्यात समन्वय राखणे हा विषय राज्यघटनेने केंद्रसूचीत घातला आहे, हे त्यामागचे तत्त्व. ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाल्या, बहुतांशी ऑनलाइन आणि बहुपर्यायी. त्यांचा कस किती होता, हा भाग वेगळा. पण त्याच जुलैत कृषी अभ्यासक्रमाच्या काही गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा छापून आला, तेव्हा सवलतीच्या बाजूने बोलणारे सारे एकाएकी संतापले आणि तो शेरा काढून टाकण्याचे आदेश द्यावे लागले. विद्यार्थ्यांचा तो संताप योग्यच होता. परीक्षेविना मिळालेले उत्तीर्णत्व आपल्या नावापुढे लिहिले जावे, असे त्यांपैकी एकालाही वाटत नव्हते. सवलतीची खरी किंमत काय, हे विद्यार्थ्यांनाच सर्वांत आधी कळते.

अट पाळणे म्हणजे केवळ दार बंद करणे, असा अर्थ घेतला तर काय होते, याचेही उदाहरण देशासमोर आहे. २०१५ च्या जुलैत रुरकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने प्रथम वर्षाच्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना एकदम काढून टाकले. सरासरी श्रेणीगुण पाचाच्या खाली गेले, हे कारण. नियम पूर्वीच सांगितलेला होता, कागदावर सारे चोख होते आणि उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानेही संस्थेच्या निर्णयात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. तथापि देशातील सर्वांत कठीण प्रवेश परीक्षांपैकी एक उत्तीर्ण झालेली ही मुले होती. त्यांपैकी बरीच मागास समाजांतून, छोट्या गावांतून आणि हिंदी माध्यमातून आली होती. एका वर्षात ती सारी अपात्र कशी ठरली? व्याख्यान इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, वर्गातला वेग शहरी शिकवणी वर्गांतून आलेल्यांचा. पहिल्या सत्रानंतरच गुण घसरलेले दिसत असताना कोणी जवळ बोलावले की नाही, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला. अखेर संस्थेने त्यांना प्रथम वर्ष पुन्हा करण्याची संधी दिली. आधी हकालपट्टी आणि मग उपरती, हा क्रम उलटा असता तर कितीतरी घरांतल्या माऊल्यांच्या डोळ्यांना पाणी आले नसते. आपल्या समाजातील दुर्बल घटकातून आलेला एक मुलगा अशा रीतीने परत पाठवला जातो, तेव्हा त्याच्या गावातील पुढची दहा मुले त्या वाटेला जात नाहीत. समरसतेचे कार्य करणाऱ्यांनी वसतिगृहाच्या पलीकडे जाऊन वर्गखोलीच्या आत डोकावले पाहिजे, ते यासाठी. विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य आणि आत्महत्या या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले, ही गोष्टही येथे नजरेआड करता येत नाही.

नालंदेची आठवण अशा प्रसंगी हमखास काढली जाते. महाविहाराच्या द्वारी पंडित बसत आणि आत येऊ पाहणाऱ्याला प्रश्न विचारून पारखून घेत, बहुसंख्य तेथूनच परत फिरत, असे ह्युएन त्संगने लिहून ठेवले आहे. अभिमानाची गोष्ट खरीच. पण ती सांगताना उरलेली अर्धी सांगायची राहते. आत गेलेल्याच्या अन्नवस्त्राची चिंता महाविहार वाहत असे, त्यासाठी गावे लावून दिलेली होती आणि आचार्य तेथेच राहून शिकवत असत. दाराशी प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यामुळे शोभून दिसे. आजची विद्यापीठे दाराशी कोणालाच अडवत नाहीत, आत कोणी शिकवत नाही आणि मधल्याच जिन्यावर अचानक अट सांगतात. विद्यार्थी संतापतो, तो त्यामुळे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या साऱ्या रचनेलाच नवे वळण दिले आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ते लागू झाले. आता हिशेब वर्षांचा नाही, श्रेयांकांचा आहे. पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. पहिल्या वर्षाचे किमान चाळीस श्रेयांक मिळवून आणि जोडीला कौशल्याचा छोटा अभ्यासक्रम करून कोणी थांबला, तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. बापाच्या आजारपणात शिक्षण सोडावे लागलेल्या मुलीला पूर्वी रिकाम्या हाती जावे लागे, ती आता काही घेऊन जाईल आणि परत येऊ शकेल. ही दूरदृष्टी कौतुकास्पद आहे, यात शंका नाही.

मात्र पेढी म्हटली, की नाण्याचा कस आलाच. पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, हे सूत्र ज्या महाविद्यालयात पंधरा तास खरोखर होतात, तेथेच सोन्याचे. जेथे उपस्थितीपटावरच्या पंचाहत्तर टक्क्यांचा आणि वर्गातल्या रिकाम्या बाकांचा काही संबंध उरलेला नाही, तेथे जमा होणारे श्रेयांक खोटे नाणे ठरतील आणि सारी पेढीच संशयात येईल. धोरणाच्या समर्थकांनी हे परखडपणे बोलले पाहिजे. विरोधक ते बोलणारच आहेत.

या धोरणाच्या ओघात आलेली एक तरतूद मात्र 'कॅरी ऑन'च्या प्रश्नावर नेमके औषध ठरावी अशी आहे आणि तिच्याकडे महाराष्ट्रात अजून हवे तसे लक्ष गेलेले नाही. २०२४ च्या अखेरीस अनुदान आयोगाने त्वरित पदवी आणि विस्तारित पदवी अशा दोन वाटांना मान्यता दिली. ज्याचा वेग अधिक, त्याने दर सत्राला अधिक श्रेयांक घेऊन लवकर बाहेर पडावे. ज्याला वेग झेपत नाही, त्याने कमी श्रेयांक घेऊन एक वा दोन सत्रे अधिक शिकावे. अभ्यास तोच, परीक्षा तीच, पदवीही तीच. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस विद्यार्थी हा पर्याय निवडू शकतो आणि महाविद्यालयाची समिती त्याची पारख करते. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, ती हुशार मुले अडीच वर्षांत पदवीधर होणार याची. दुसरी वाट कोणाला दिसली नाही.

तालुक्याच्या गावातून आलेल्या त्या मुलाला खरी गरज आहे ती हिची. पहिल्या सत्रात गणित राहिले, तेव्हाच त्याला बोलावून सांगावे, की पुढच्या सत्रात सहा विषय घेऊ नकोस, चार घे, त्यात गणित पुन्हा नीट घे, संध्याकाळी त्याचा वर्ग आहे. चार वर्षांऐवजी पाच लागतील, पण डोक्यावर ओझे नसेल. त्या काळात शिष्यवृत्ती आणि वसतिगृह सुटणार नाही, एवढी हमी मात्र शासनाने द्यावी. सवलतीच्या परिपत्रकापेक्षा हिला पैसा लागेल, हे उघड आहे. आज शिष्यवृत्तीचे नियम ठरलेल्या वर्षांशी बांधलेले असतात. ते न बदलता विस्तारित पदवीचा पर्याय दिला, तर गरीब विद्यार्थी तो घेऊच शकणार नाही आणि पुन्हा विद्यापीठाच्या पायऱ्यांवर येऊन बसेल. तंत्रशिक्षणाची मराठी पाठ्यपुस्तके, प्रथम वर्षाच्या गणितासाठी मराठीतून समजावणारा शिक्षक, हेही त्याच खर्चात धरावे. भाषेच्या अभिमानाची भाषणे पुष्कळ झाली. अवकल समीकरण मराठीत समजावून देणारा एक चांगला शिक्षक त्या भाषणांपेक्षा अधिक मराठी जगवील.

विद्यार्थी संघटनांनीही आपल्या मागण्यांची यादी एकदा तपासून पाहावी. सवलत मागणे सोपे असते, ती मिळाली की सदस्यसंख्या वाढते. परंतु अमुक महाविद्यालयात या सत्रात गणिताचे किती तास झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारून ते फलकावर लावणारी संघटना संस्थाचालकांना अधिक जड जाईल. रिक्त जागांसाठी, उपचारात्मक वर्गांसाठी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत वेळेत मिळावी यासाठी ठिय्या दिला, तर त्या ठिय्यात शिक्षकही येऊन बसतील आणि पालकही.

विद्यापीठांच्या बाजूचा हिशेब तर कायद्यातच लिहिलेला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावयाचा आहे आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत तो लावावयाचा आहे. विलंब झाल्यास त्याची कारणे कुलपतींना कळवावयाची आहेत. १९९४ च्या कायद्यातही हीच मुदत होती. म्हणजे तीन दशके हा नियम विद्यापीठांना ठाऊक आहे. चाळीस गुणांना एक गुण कमी पडला, तर विद्यार्थ्याचे वर्ष जाते. पंचेचाळीस दिवसांना एक महिना अधिक लागला, तर विद्यापीठाचे काय जाते, हे पुढच्या अधिसभेत कोणी तरी उभे राहून विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.